एकही ठिपका नाही

सकाळी सव्वासहाला बाईंनी चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि गुडघ्याला पट्टा बांधला. दारापाशी नवऱ्याने पुस्तकांची चार खोकी भरून ठेवली होती. चार महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या. मग दोघांनी लेकीच्या शहरात जायचे ठरवले होते.

"आज त्या अहवालावर सही करून टाक," नवरा पांघरुणातूनच म्हणाला. "अकरा वर्षं गव्हाशी संसार केलास. आता थोडा माझ्याशीही कर."

"तुझ्यावर तांबेरा पडत नाही ना, म्हणून लक्ष जात नाही," बाई म्हणाल्या आणि दार ओढून घेतले.

गहू संशोधन केंद्राच्या काचगृहात रोपांना पाणी घालणारे मामा आधीच आले होते. बाईंनी भिंग काढले. डावीकडच्या ट्रेमधल्या नेहमीच्या वाणाची पाने तांबेऱ्याने माखली होती. बोट लावले तर नारिंगी पूड हाताला येत होती. उजवीकडे, अगदी कडेला, बाईंचा नवा वाण, सत्तेचाळीस नंबर. एका रानगवताचा तांबेऱ्याला दाद न देण्याचा गुण गव्हात आणायला लागलेली सगळी वर्षे त्या ट्रेमध्ये होती. त्याची पाने हिरवीगार होती.

बाईंनी एकेक पान उलटून पाहिले. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"स्वच्छ आहेत की," मामा म्हणाले. "अजून काय शोधताय?"

"ठिपके."

या गव्हाची रीत त्यांना पाठ होती. तांबेऱ्याची बुरशी शिरली की पान तिथल्या आपल्याच पेशी मारून तिची वाट अडवते आणि टाचणीच्या टोकाएवढा फिकट ठिपका मागे राहतो. मागच्या प्रत्येक पिढीत तो होता. इथे काहीच नव्हते.

"मामा, पानांवर बुरशी फवारल्यावर ट्रे दमट खोलीत ठेवले, तेव्हा काही झालं होतं?"

मामांनी झारी खाली ठेवली. "दाराची रबरी पट्टी सुटली होती. मी चिंधी कोंबली. पण त्या कडेला दव धरलं नसेल, आणि ओल नसली की बुरशी पानात शिरत नाही."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं, तर तुम्ही तिथंच अंथरूण टाकलं असतं."

बाईंना हसू आले, पण ते पुरते ओठांवर पोचले नाही. त्या स्टुलावर बसल्या. आज अहवाल गेला, तर हा गहू यंदाच शेतातल्या चाचण्यांत पेरला जाणार होता. पेरणी दहा दिवसांवर होती आणि नवी तपासणी तीन आठवड्यांची. थांबायचे म्हणजे वर्ष गेले. पुढच्या पेरणीला त्यांच्या खुर्चीवर दुसरे कोणी असेल.

"गुण असेलही त्याच्यात," मामा हळूच म्हणाले.

"असेल. पण या पानांनी तो दाखवलेला नाही."

त्यांनी अहवालातला 'प्रतिकारक' हा शब्द एका रेघेने खोडला, वर 'लागण झाली नाही. तपासणी पुन्हा' असे लिहिले आणि खाली सही केली. मामा नवी रबरी पट्टी आणायला गेले. बाईंनी रिकामा ट्रे पुढे ओढला, मातीत बोटाने बारा खड्डे केले आणि प्रत्येकात सत्तेचाळीस नंबरचा एकेक दाणा सोडला.