कुठल्या खुंटीवरची तार

ते साल एकोणीसशे अडुसष्ट. मी तेवीस वर्षांची होते. लिफ्टची पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात, एकवीस पुरुषांत एकटी बाई, तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. ती बोली एका शनिवारी संपत होती. संध्याकाळी पाचला फोरमन मला कायम करणार होते, नाहीतर घरी पाठवणार होते. वडील अंथरुणाला खिळलेले. घरात मिळवती मी एकटीच.

फोरमनचं मत पहिल्या दिवशीच कळलं होतं. "वरून सांगितलंय बाई घ्या, घेतली. पण बायकांचे हात आवराआवरीला शिवशिवतात. इथे कशाची जागा हलवायची नाही."

मी नेमकी तीच हलवली.

तारांची रिळं भिंतीवर खुंट्यांना टांगलेली असत. लाल रीळ सगळ्यात वर, हिरवं खाली. मला दिवसभर लालच लागे आणि माझा हात वर पुरत नसे. स्टूल मागितलं असतं तर महिनाभर त्यावर विनोद झाले असते. म्हणून बुधवारी, आसपास कोणी नसताना, मी लाल रीळ खाली घेतलं आणि हिरवं वर टांगलं. कोणी काही बोललं नाही. ज्याला लाल तार हवी, तो लाल बघून काढत होता.

तारमास्तर गुरुवारपर्यंत रजेवर होते. तीस वर्षं तारा जोडणारा माणूस. सगळे म्हणत, मास्तर डोळे मिटूनही पॅनेल भरतील. मला काम त्यांनीच शिकवलं. "पोरी, तार सोलायची असते, खाटकासारखी कापायची नसते," असं म्हणत पुन्हा पुन्हा करून दाखवलं.

शनिवारी दुपारी दोनला एक पॅनेल लाकडी खोक्यात तयार होतं. मास्तरांनी शुक्रवारी भरलेलं. चारला ट्रक येणार होता. झाकण ठोकायच्या आधी मी सहज डोकावले. दाराच्या कुलपाच्या तारा लाल हव्यात, त्या हिरव्या होत्या. बटणाच्या हिरव्या हव्यात, त्या लाल.

तपासणीत ते सापडलं नव्हतं. तारेच्या दोन्ही टोकांना घंटी लावायची, वाजली की पास. घंटीला रंग कळत नाही. पण जागेवरचा फिटर रंगाला रंग जोडणार, आणि मग दार सताड उघडं असतानाही लिफ्ट हलणार. ते पॅनेल बाळंतिणींच्या इस्पितळात चाललं होतं.

मास्तर बाकावर चष्मा पुसत बसले होते. मी तारेचा तुकडा पुढे केला.

"मास्तर, ही कुठली तार?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. भिंतीकडे पाहिलं. "कुठल्या खुंटीवरची काढलीस?"

माझा थोरला भाऊ टोमॅटो दाबून बघायचा, पिकला की कच्चा ते. रंगावरून त्याला कधी कळलं नाही. आई म्हणायची, तिच्या वडिलांचंही तसंच होतं. हे दुखणं बहुतेक करून पुरुषांच्याच वाट्याला येतं. मला एकदम सगळं उमगलं, आणि न उमगतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"खुंट्या मी बदलल्या. बुधवारी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण रिळांकडे पाहिलं नाही.

"घरी ठाऊक आहे?" मी विचारलं.

"बायकोला. ती माझे मोजे जोड्या लावून ठेवते." मग हळूच, "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत गं, पोरी."

घड्याळात अडीच झाले होते. सांगावं तर मास्तर जाणार, बहुधा मीही. न सांगावं तर ट्रक. मी तारेचा तुकडा मुठीत घेतला आणि फोरमनकडे गेले. मास्तरांचं नाव घेतलं नाही. खुंट्या मी बदलल्या, त्यामुळे रंग उलटे लागले, एवढंच सांगितलं.

फोरमन खोक्यावर वाकले. "मला तर ठीक दिसतंय."

"नाही, साहेब. कुलपाच्या तारा हिरव्या आहेत."

त्यांनी पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे. "शेवटी आवराआवर केलीतच. पाचपर्यंत थांबू नका, आत्ताच निघा. मास्तर, तासाभरात बदलून टाका."

मी डबा उचलला. मास्तर पक्कड हातात धरून उभे. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी दारापर्यंत पोहोचले तरी पक्कड उघडली नव्हती. ते अंदाजाने बदलतील, अशी मला धास्ती वाटली.

"साहेब," मास्तर म्हणाले, "खुंटी बदलली म्हणून डोळस माणूस चुकत नाही. मला हे रंग दिसत नाहीत. तिला जाऊ देऊ नका."

फोरमननी मला मानेनेच परत बोलावलं. मागून एक विनोद सुरू होऊन अर्ध्यावर विरला.

मी डबा खाली ठेवला. मी "लाल" म्हणायची, ते जोडायचे. मी "हिरवी" म्हणायची, ते जोडायचे. चौदा तारा. ट्रकवाला हॉर्न वाजवून थकला. पावणेपाचला खोकं निघालं. पाचला फोरमन जाता जाता म्हणाले, "सोमवारी वेळेवर या. आणि स्टोअरमधून एक स्टूल घ्या."

पुढच्या महिन्यात सगळ्यांचे डोळे तपासले. एकवीस पुरुषांत असे दोघे निघाले. दुसरे फोरमनच. मग "ठीक दिसतंय" म्हणणाऱ्या माणसाने किती पॅनेलं पास केली असतील, या विचाराने माझी झोप उडाली. जुन्या खोक्यांची यादी काढून आम्ही जागोजागी जाऊन पाहिलं. नशिबाने सगळी बरोबर होती. त्यानंतर रंग बघायला दर पॅनेलवर दुसरी सही लागू लागली, आणि त्या वर्षी आणखी चार बायका घेतल्या.

मास्तर दोन वर्षांनी मानाने निवृत्त झाले. शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या टेबलाला टेबल लावून बसले. त्यांच्या बायकोने मला हातमोजे विणून दिले, दोन्ही एकाच रंगाचे. फोरमन पुढे हिशेबनिसांच्या खोलीत गेले. तिथे शाई निळी होती. भाऊ अजून टोमॅटो दाबतो, आता त्याचा नातूही. मी एकतीस वर्षं तिथेच राहिले, शेवटची नऊ फोरमनच्या खुर्चीत. निवृत्तीच्या दिवशी खुंट्यांवर नजर टाकली. लाल रीळ खालीच होतं.