मोड्याचा रेडिओ

बायको जड रेडिओ छातीशी धरून दुरुस्तीच्या दुकानाच्या पायऱ्या चढत होती आणि नवरा हात पाठीशी बांधून मागून येत होता. उस्तादाच्या तो माणूस बघताक्षणीच डोक्यात गेला. पंचावन्नचा धडधाकट गडी आणि ओझं बाईच्या अंगावर. वर पुन्हा "जपून ठेव हं" हेही आहेच. काहींना देव लाज वाटायला विसरतो, दुसरं काय.

रेडिओ व्हॉल्व्हचा होता, लाकडी पेटीतला. उस्तादाने मुद्दाम बाईलाच विचारलं, "काय होतंय याला?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "बँडचा खटका फिरवला तरी एकच बँड लागतो. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. दुरुस्त झाला तर झाला, पण मला एक बघून सांगा. हा मी मोडला का?"

मग बायकोने नीट सांगितलं. "हे सात वर्षांचे होते. रेडिओ दुरुस्त होऊन घरी आला त्याच दिवशी यांनी खटका फिरवला आणि आत कट् झालं. मेकॅनिक घरी आला, उघडून बघितलं आणि सासऱ्यांना म्हणाला, पोराने पिळून मोडलाय. तेव्हापासून हे मोड्या. भाचरंसुद्धा मोड्यामामा म्हणतात. गेल्या वर्षी सासरे गेले, तेव्हा घरच्यांनी त्यांचं घड्याळ धाकट्या भावजींना दिलं. म्हणाले, मोड्याच्या हातात काही टिकत नाही."

नवरा खाली बघत होता. उस्ताद म्हणाला, "चार दिवसांनी या."

ती दोघं गेल्यावर त्याने पेटी उघडली, सांगाडा उलटा केला आणि त्याला शिसारी आली. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने रेडिओत झुरळं पाहिली होती, उंदराची पिल्लं पाहिली होती, पण ती बिचारी आपापल्या वकुबाने राहत होती. ही घाण माणसाने केली होती. खटक्यावर कुणीतरी शिवणयंत्राचं तेल ओतलं होतं आणि त्यावर इतक्या वर्षांची धूळ बसून काळा चिकट राप झाला होता. एका तारेने बँड कायमचा जोडून टाकला होता, खटका नुसता शोभेला. तारा जोडायला लावलेला डाक म्हणजे मेणबत्तीचे ओघळ.

एवढा संताप एकट्याने करायचा म्हणजे कठीण. त्याने शेजारच्या शिंप्याला हाक मारली.

"बघ, बघून घे. याला कारागीर म्हणायचं? याच्या हातात खुरपंसुद्धा देऊ नये. ही चकती बघ." त्याने पातळ तपकिरी चकती चिमट्याने वर धरली. खटका फिरला की हिच्यावरचे संपर्क एकमेकांना टेकतात आणि बँड बदलतो. चकती अर्धी तुटलेली होती. "तुटलेल्या दोन्ही कडांवर डिंक आहे आणि तो मधून फाटलाय. म्हणजे चकती आधी मोडली, चिकटवली आणि मग पुन्हा तिथंच सुटली. मोडली कुणी? या गाढवाने, स्क्रूड्रायव्हर घालून. आणि नाव कुणाचं, तर सात वर्षांच्या पोराचं. चोर सोडून संन्याशाला सुळी."

शिंपी वाकून बघत होता, पण त्याचं लक्ष चकतीकडे नव्हतं. तारांची जुडी मेणाच्या दोऱ्याने बांधलेली होती, तिथं त्याने बोट ठेवलं. "गाठ मात्र झकास मारलीय. पण उलटी. डावखुऱ्याची आहे. तुमच्यासारखी."

तो हसत आपल्या मशीनकडे परत गेला. चिमटा उस्तादाच्या डाव्या हातात तसाच राहिला.

नाचता येईना अंगण वाकडं. बाविसाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात असताना घाई करून त्याने एक चकती मोडली होती. मालक काढून टाकेल म्हणून डिंक लावला, वर तेल सोडलं, रेडिओ देऊन टाकला. त्याच दिवशी निरोप आला. तो त्या घरी गेला, तेव्हा दारामागे एक पोर उभं होतं. काही विचार न करता त्याच्या तोंडातून निघालं, पोराने पिळलाय. मग तार मारून तो जेवायलाही वेळेवर घरी पोचला. त्यानंतर ते घर त्याला एकदाही आठवलं नव्हतं. सगळ्यात किळस याची आली.

चकती त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. मोडला नाहीत तुम्ही, एवढं सांगितलं की झालं की. पण मोडला नाही तर मोडला कुणी, हे घरचे विचारणारच, आणि हा परत मोड्याच राहणार. थोड्या वेळाने त्याने डब्यात हात घालून चकती काढली, पुसली, कागदात ठेवली.

भंगारातल्या दुसऱ्या रेडिओची चकती त्याने बसवली, राप धुऊन काढला, संपर्क एकेक करून साफ केले. जुनी गाठ तेवढी कापली नाही.

चौथ्या दिवशी ती दोघं आली. उस्तादाने बसा म्हटलं नाही, स्वतःही बसला नाही.

"तुम्ही मोडला नाही. मी मोडला. तो मेकॅनिक मी होतो. आणि तुमचं नाव सांगितलं तेही मीच." त्याने चकती पुढे केली, फाटलेला डिंक दाखवला, मग गाठ आणि आपला डावा हात. "तुमच्या घरी येऊन सगळ्यांसमोर सांगतो. भाचरांना बोलवा."

तो माणूस चकतीकडे बघत राहिला.

"बाबा असताना सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो."

शेवटी बायको म्हणाली, "लावून तरी बघू."

व्हॉल्व्ह तापेपर्यंत सगळे थांबले. "फिरवा तुम्ही," उस्ताद म्हणाला. "आता काही होत नाही."

त्या माणसाचा हात पाठीमागून पुढे आला, खटक्यापासून चार बोटांवर थांबला. त्याने बायकोकडे बघितलं.

"तूच फिरव," तो म्हणाला.

तिने फिरवला. दुसऱ्या बँडवर कुणीतरी स्वच्छ आवाजात बातम्या सांगत होतं.

"छान लागतोय," तो म्हणाला आणि त्याने हात पुन्हा पाठीशी बांधले.