डाव्या चाकाची पिन

सहदेव मॅटाडोरच्या पुढच्या डाव्या चाकापाशी उताणा पडला होता. चाक काढलेलं होतं आणि गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. स्टिअरिंगच्या दांड्याचा नट त्याने कसला, पण नटाची खाच बोल्टाच्या भोकाच्या केसभर पुढे सरकली. त्याने नट मागे घेतला आणि तोंडात धरलेली पिन हातात घेतली. नट पुन्हा बेताने कसायचा, पिन आत सारून तिचे दोन पाय दुमडायचे, चाक चढवायचं, आणि हात धुऊन मुलुंडला हॉस्पिटलात जायचं. भेटायची वेळ चारला सुरू व्हायची.

गाडीखालून त्याला दोन पाय दिसले. रबरी सपाता आणि पायजम्याला चिकटलेला लाकडाचा भुसा. शेजारच्या वखारीतला धोंडू. फोन वखारीत होता. गॅरेजसाठी निरोप आला की धोंडू तिथूनच ओरडायचा. आज तो आला आणि नुसता उभा राहिला.

"काय रे धोंडू?"

"बाहेर ये."

"दोन मिनिटं."

"सहदेव, बाहेर ये ना यार."

सहदेव पाठीवर सरकत बाहेर आला. हातात जे होतं ते त्याने शर्टाच्या खिशात टाकलं. धोंडूने त्याच्या दंडाला धरून त्याला उठवलं. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं, त्यामुळे पुढचं काही सांगावं लागलं नाही.

त्याच्या बायकोला, सुगंधाला, कावीळ झाली होती. अठरा दिवस ती हॉस्पिटलात होती आणि त्या सकाळी तिने अर्धी वाटी पेज घेतली होती, म्हणूनच सहदेव गॅरेजला आला होता.

गाडी क्लेमेंटची. क्लेमेंट मरोळच्या गावठाणातला, मोटरसायकलींच्या शर्यतींचं वेड असलेला माणूस. त्याच्याकडे शर्यतीच्या तीन मोटरसायकली होत्या आणि त्या वाहायला त्याने पाव वाटणारी एक जुनी डिझेल मॅटाडोर घेतली होती. "तीन गाड्या पोटात घेऊन ही कसारा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली पाहिजे," एवढंच तो म्हणाला होता. सहदेव दोन महिने तिच्यामागे होता. मागच्या सीट काढून जमिनीला लोखंडी पन्हाळी मारल्या, म्हणजे मोटरसायकलींची चाकं त्यात बसतील. स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पाटा वाढवला. ट्रकचा रेडिएटर बसवला. डिझेलच्या पंपाचं सील तोडून इंजिनाला जास्त डिझेल दिलं. सगळ्यात शेवटी ब्रेक आणि स्टिअरिंग नवं करायला घेतलं, कारण गाडी पळवणं सोपं असतं, आवरणं कठीण. शर्यत नाशिकला होती, डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी.

गाडी चालवायला गुणाजी होता. सुगंधाचा धाकटा भाऊ.

माहेरचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी गुणाजी कामाला लागला. सहदेवला तेराव्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नव्हता. घरातून निघताना गुणाजी दारात थांबला आणि बायकांसमोर म्हणाला, "ताय दोन वेळा इचारी होती, भावोजी इले काय? आणि तुमी गाडयेखाली."

त्यानंतर गुणाजी त्याच्याशी बोलला नाही. तेराव्याला आला, भिंतीकडे तोंड करून जेवला आणि गेला.

चौदाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, सहदेवने खुंटीवरचा निळा शर्ट काढला. दोन आठवडे त्याला कोणी हात लावला नव्हता. धुवायला टाकणारी होती ती नव्हती. बटणं लावताना सवयीने त्याने खिशात बोटं घातली, तंबाखूच्या पुडीसाठी, आणि बोटांना काहीतरी टोचलं.

त्याने ते बाहेर काढून तळहातावर ठेवलं. केसाच्या आकड्यासारखी, दोन पायांची पिन. स्टिअरिंगच्या नटातली. पाय सरळ होते.

तो तसाच खाटेवर बसला. मग उठला, चपला घालायच्या विसरला, परत आला, घातल्या.

गॅरेजची शेड रिकामी होती. चारही ठोकळे भिंतीला लावून ठेवलेले. बाकावर पिवळ्या रंगाचा डबा होता, झाकण अर्धवट, कुंचला आत चिकटलेला. सहदेवने बोट लावलं. रंगावर साय धरली होती, खाली ओला होता.

तो डबा सुगंधाचा. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सहदेवने कसलेलं एका टेंपोचं चाक विक्रोळीत निखळून गेलं होतं. कोणाला लागलं नाही, पण तो रात्रभर एकच सांगत राहिला की मी कसलं होतं, मला नक्की आठवतंय. तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्हीच कसलंत ना? मग तुम्हाला ते घट्टच वाटणार." तेव्हापासून दुपारी जेवणाचा डबा घेऊन आली की जेवण नंतर आणि नट आधी. पदर खोचायची, पाना घ्यायची, प्रत्येक नट अंगाचा भार टाकून ओढून बघायची, हलला नाही तर त्यावर पिवळी रेघ ओढायची. अर्धी रेघ नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट फिरला तर रेघ तुटते. कसणाऱ्याने रेघ ओढायची नाही, हा त्यांच्या गॅरेजचा कायदा. या मॅटाडोरचे चाळीस नट तिने ओढायचे होते, आणि ती हॉस्पिटलात गेली तेव्हा एकावरही रेघ नव्हती.

"धोंडू!"

धोंडू वखारीतून दात घासतच आला.

"गाडी कधी गेली?"

"अर्धा तास झाला. क्लेमेंट पण बसलाय बरोबर. मस्त रंगवली रे गुणाजीने, सगळ्या नटांना पिवळा. म्हटलं, सुगंधावहिनींची आठवण..."

"डावं चाक कोणी चढवलं?"

"त्यानेच. का रे?"

सहदेवने पाना, पक्कड आणि एक फडकं पिशवीत टाकलं आणि राजदूतला किक मारली.

आग्रा रोड सकाळचा मोकळा होता. मुलुंडचा नाका, ठाणं, भिवंडीचा फाटा. हिशेब सोपा होता आणि त्याला तो करायचा नव्हता. दुसरी कुठलीही मॅटाडोर असती तर भार घेऊन चाळिसाने गेली असती आणि त्याने ती पडघ्याच्या आत गाठली असती. ही साठाने जाणार. पंपावरचा स्क्रू त्याने स्वतः पाऊण आटा फिरवला होता. सैल केलेला नटही त्यानेच सोडला होता. प्रत्येक खड्ड्यात तो नट किती फिरत असेल, हे त्याच्याइतकं नीट कोणाला ठाऊक नव्हतं. सपाट रस्त्यावर दांडा निसटला तर गाडी शेतात जाईल. घाटात निसटला तर डावीकडे शेत नसतं.

पडघ्याच्या पुढे रस्त्यात माणसं जमलेली दिसली. सहदेवचा हात आपोआप ढिला पडला. ट्रकचा टायर फुटला होता. ड्रायव्हर टायरवरच बसून विडी ओढत होता. सहदेव त्याच्या बाजूने गेला आणि त्याने पुन्हा वेग धरला.

शहापूरला चहावाल्यापाशी त्याने गाडी बंद न करता विचारलं, "पांढरी मॅटाडोर? आत मोटरसायकली?"

"आता गेली की. वीस मिनिटं बसले होते, दोऱ्या आवळत होते. काय पळते हो! धुराने माझं दूध काळं केलं."

कसाऱ्याच्या अलीकडे, जिथून चढ सुरू होतो, तिथे ती दिसली. रस्त्याच्या कडेला उभी, पुढचं झाकण उघडं, क्लेमेंट डब्याने रेडिएटरमध्ये पाणी घालत होता. सहदेवने हॉर्न दाबून धरला. क्लेमेंटने झाकण आपटलं आणि तो चढून बसला. गाडी हलली.

आरशात गुणाजीने त्याला पाहिलं असणार. गाडी थांबली नाही. उलट तिने काळा धूर सोडला आणि ती पुढे झाली.

सहदेव धुरातून उजवीकडे निघाला, तिच्या पुढे गेला आणि त्याने राजदूत रस्त्यात आडवी घातली. ब्रेक करकचले. मॅटाडोर दोन हातांवर येऊन थांबली.

"भावोजी, मरूचा आसा काय?" गुणाजी खिडकीतून अर्धा बाहेर आला होता.

"गाडी बाजूला घे. बंद कर."

"कित्याक इलात? घरी बसूचा होता."

"बंद कर म्हणतोय ना."

क्लेमेंट हसत उतरला. "अरे सहदेव, झकास केलीस रे हिला! शहापूरपर्यंत एकदा पण चौथा सोडला नाही. तू पण चल नाशिकला, काय?"

त्याचं बोलणं सहदेवच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबलं.

गाडी कडेला लागली. "स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरव," सहदेव म्हणाला, आणि डाव्या चाकामागे आडवा झाला. खडी पाठीत रुतत होती. दांड्याच्या टोकाला नट होता, भरपूर पिवळा रंग फासलेला. रेघ नव्हती, थापच होती. आणि ती मधोमध तुटली होती. नटावरचा पिवळा आणि लोखंडावरचा पिवळा यांच्यात दोन बोटांचं अंतर पडलं होतं. सहदेवने नटाला पाना लावला नाही. नुसती बोटं लावली. नट बोटांनी फिरला.

त्याने डोळे मिटून घेतले. मग बाजूला सरकून जागा केली.

"गुणाजी, खाली ये."

गुणाजी वाकला, मग गुडघे टेकून आत आला. दोघांची डोकी चाकामागे एकमेकांजवळ होती. सहदेवने पुन्हा नट बोटांनी फिरवून दाखवला. गुणाजीचा श्वास ऐकू आला.

"मी... रंग लावलंय त्येका," तो म्हणाला.

"पाना लावून ओढलास?"

"नाय. नट चढवलेलो होतो. तुमी कसलात आसतलात, म्हणान..." तो थांबला. "तायनं सांगल्यान माका. हॉस्पिटलात. 'ते एकटेच खुणा करूक बसतले, तू कर.' म्हणान केलंय. आधी पानो लावूक होयो, ह्यां माका कोणी सांगूक नाय."

सहदेवने खिशातून पिन काढली आणि तळहातावर धरली. गुणाजी तिच्याकडे बघत राहिला. ड्रायव्हर होता, काय आहे ते त्याला कळलं. कुठून निघाली तेही कळलं, कारण त्याने निळ्या शर्टाकडे पाहिलं.

"त्या दिवशीची?"

"हो."

शेजारून एक ट्रक गेला, रस्ता हादरला.

सहदेवने फडकं डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी ओलं केलं आणि नटावरचा रंग पुसून काढला, लोखंड दिसेपर्यंत. नट कसला. या वेळी भोक बरोबर खाचेत आलं. पिन आत घातली आणि पक्कडीने तिचे पाय दुमडले, एक वर, एक खाली. मग त्याने पाना गुणाजीच्या हातात दिला.

"ओढ."

"तुमी कसलात ना आता."

"म्हणूनच."

गुणाजीने ओढलं. पाय रोवून, दात खाऊन पुन्हा ओढलं. नट हलला नाही.

"बाकीचे एकोणचाळीस," सहदेव म्हणाला.

"अरे, शर्यतीची नावं चारपर्यंतच घेतात," क्लेमेंट म्हणाला, पण हळूच. मग तोही शर्टाच्या बाह्या सारून मागच्या चाकाशी आला. तासभर लागला. गुणाजी ओढत होता, सहदेव पुढच्या नटावर बोट ठेवत होता. मागच्या पाट्याच्या एका नटावर पाना किंचित सरकला, पण रेघ तुटली नाही. बाकी सगळे घट्ट होते. गुणाजीच्या तळव्याला फोड आला. तो त्याने पँटला पुसला.

"डबा आणलास?" सहदेवने विचारलं.

"नाय. थंयच रवलो."

"साय धरलीय त्यावर."

"सोमवारी येतंय," गुणाजी म्हणाला. मग गाडीत चढला आणि आतून म्हणाला, "भावोजी, जेवलात काय सकाळी?"

"जेवेन."

"शहापूराक थांबा. भजी बरी आसत."

मॅटाडोर घाटाला लागली. पहिल्या वळणावर तिने धूर सोडला. आवाजावरून सहदेवला कळलं, गुणाजीने गिअर तिसऱ्याच्या खाली टाकला नव्हता. डावं चाक दिसेनासं होईपर्यंत तो बघत होता. त्याचा हात दोनदा खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

एकोणचाळीस नटांवर रेघ होती. स्टिअरिंगच्या त्या एका नटावर ओढायची राहिली होती.