पाय उचलला की

गाडी सुरू होत नव्हती असं नाही. सुरू व्हायची. खाकरायची, अंग झाडायची, आणि शेडच्या हिरव्या प्लास्टिकच्या छपराखाली तिचा घुमारा असा भरून राहायचा, की आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय आणि डोक्यावरून होडी चाललीय असं वाटावं. पण यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती विझायची. बंद पडायची असं मी म्हणणार नाही. बंद पडणारी गाडी आचका देते. ही फुंकर मारलेल्या दिव्यासारखी जायची, आणि मागे पेट्रोलचा मंद वास तेवढा उरायचा.

गाडी सासऱ्यांची. गोल दिव्यांची, फिकट पिस्ता रंगाची, यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. "थोरली बहीण आहे तुझी, मान ठेव," असं सासरे यांना लहानपणी म्हणायचे म्हणे. गेल्या वर्षी तिचा कार्बोरेटर पार झिजला, पेट्रोल गळायला लागलं, आणि सुटे भाग कुठे मिळेनात. मग यांनी इंजेक्शनचा संच मागवला आणि घरीच बसवायला घेतला. आधी इंजिन आपल्या श्वासाबरोबर पेट्रोल ओढून घ्यायचं. आता ते मोजून फवारलं जाणार, आणि किती फवारायचं ते एक काळी डबी ठरवणार. तिला हे कॉम्प्युटर म्हणत. मी डबीच म्हणायची.

यांची सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर टाकाने लिहिलेलं रेखीव अक्षर. बॉनेट उघडलं की आत एखाद्या शाळेचा वर्ग बसलाय असं वाटायचं. एवढं सगळं करूनही पाय उचलला की गाडी विझत होती, आणि गुरुवार जवळ येत होता.

गुरुवारी सकाळी नऊला सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. उजवा डोळा पूर्वीच गेलेला. डाव्यातला मोतीबिंदू पिकून टणक झालेला. "आता आणखी थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही," असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोनदा तारीख घेतली, दोनदा टॅक्सी दारात आली, आणि दोन्ही वेळा सासरे टॅक्सीच्या दाराला हात लावून परत फिरले.

"जाईन तर माझ्या गाडीतून जाईन. नाहीतर दिसतंय तेवढं पुरे."

"काय दिसतंय, बाबा?" हे चिडून म्हणाले होते.

"तू दिसतोस. धुरकट, पण ओरडलास की कळतं कुठे आहेस."

सासूबाईंना शेवटच्या दुखण्यात भाड्याच्या गाडीतून नेलं होतं. त्या परत आल्या नाहीत. यावर आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही, पण त्या दोन्ही सकाळी टॅक्सीचं उघडं दार बघताना आम्हा तिघांच्या मनात तेच होतं.

यांच्या मदतीला यांचे एक मित्र येत. टेलिफोन खात्यात जन्मभर खांबांवर चढलेले. सगळे त्यांना पक्कड म्हणत, कारण ती त्यांच्या खिशात कायम असे, अगदी लग्नकार्यातसुद्धा. पक्कडभाऊजींचा एकाच गोष्टीवर विश्वास होता. "अर्थिंग! जगातली निम्मी भांडणं अर्थिंगमुळे होतात." ते एखादी वायर खरवडायचे, आवळायचे, स्वतः बसून किल्ली फिरवायचे, आणि गाडी शहाण्या मुलीसारखी गुणगुणत राहायची. पाय काढला तरी. दहा-दहा मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे बसले की पुन्हा विझली.

"वायर रात्रीतून ढिली होते," पक्कडभाऊजींचं निदान.

"रोज? आणि रोज वेगळी?"

"मग गाडी तुझ्यावर रुसलीय. वहिनींना विचार, रुसवा कसा काढतात ते."

मंगळवारी सकाळी सासरे काठी टेकत शेडमध्ये आले आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. "तुम्ही नुसते बघताय. मी ऐकतो," म्हणाले.

सकाळी उठल्यापासून आठ वाजेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे, घरात आता त्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट यांना ती माझी कामाची वेळ वाटते, कारण मी प्रश्न विचारत नाही. यांनी ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी एक बुटकं स्टूल ठेवलं आणि डबीला जोडलेला छोटा पडदा माझ्या हातात दिला.

"इथे बस. फक्त हे आकडे बघ. विझायच्या आधी कुठला आकडा उडी मारतो ते मला बोटाने दाखव."

मी बसले. सव्वासात झाले असतील. छपरातून हिरवा उजेड झिरपत होता आणि त्यात धुळीचे कण इतके सावकाश उतरत होते, की जणू त्यांना कुठे पोचायचंच नव्हतं. सासरे डोळे मिटून, मान किंचित कलती करून बसले होते. त्यांना तसंही सगळं दुधातून बघितल्यासारखंच दिसायचं. डोळे मिटले की बहुधा जास्त दिसत असावं.

हे बसले. किल्ली अर्धी फिरली तसा पडदा उजळला. इंजिनाचं तापमान, हवेचा दाब आणि सगळ्यात खाली पेडल किती दाबलंय त्याचा आकडा. तो शून्य होता.

त्या बुटक्या स्टुलावरून यांचा पाय अगदी माझ्या डोळ्यांसमोर येत होता. तपकिरी चप्पल, अंगठ्याशी उसवलेली. आणि ती चप्पल पेडलवर होती. नुसती टेकलेली नव्हे. पेडल अर्धं आत गेलेलं होतं. आकडा मात्र शून्य.

इंजिन सुरू झालं. यांनी पाय उचलला, विझलं.

"बघ!" हे म्हणाले. "काही उडालं का?"

मी मान हलवली. पुन्हा एकदा, असं बोटाने सांगितलं, आणि या वेळी पडद्याकडे नाही, पायाकडे बघितलं.

यांनी किल्लीला हात घालायच्या आधी पाय आपण होऊन हलला. एक, दोन, तीन. मग अर्धा दाबून थांबला. मग किल्ली.

हे 'तीन नमस्कार' होते. सासऱ्यांनी घालून दिलेले. जुन्या कार्बोरेटरला थंडीत जाग यावी म्हणून तीनदा पेडल दाबायचं, चौथ्यांदा अर्धं धरून ठेवायचं आणि मगच किल्ली फिरवायची. या घरात जो कोणी गाडी शिकला तो हे आधी शिकला. आमच्या वन्सं तर शिवणयंत्राच्या पेडललासुद्धा आधी तीन नमस्कार करतात आणि मग दोरा तुटला म्हणून यंत्राला नावं ठेवतात.

आता डबी बिचारी नवी. तिला घरची रीत कोण सांगणार? किल्ली फिरवली की ती जागी होते आणि त्या क्षणी पेडल जिथे असेल तीच विसाव्याची जागा असं समजते. हे पाय अर्धा दाबून किल्ली फिरवत; तिला वाटे हाच विसावा. मग पाय उचलला की तो तिच्या हिशेबी शून्याच्याही खाली जाई, आणि शून्याखाली काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं. पक्कडभाऊजी परक्या घरचे. किल्ली फिरवताना त्यांचा पाय नुसता जमिनीवर असायचा.

संचाबरोबर आलेल्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं. 'किल्ली फिरवताना पाय पेडलवर नसावा.' यांनी त्याखाली लाल रेघसुद्धा मारली होती, मीच पाहिली होती. यांना विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं, पाय नव्हताच म्हणून. आणि ते खोटं झालं नसतं. यांच्या लेखी तो पाय यांचा नव्हताच, सासऱ्यांचा होता.

मी पडदा मांडीवर ठेवला, वाकले आणि पेडल आणि चप्पल यांच्यामध्ये माझा तळहात सरकवला. यांना वाटलं, मी खाली पडलेलं काही शोधतेय. यांनी किल्लीकडे हात नेला.

माझ्या हातावर हलकेच दाब पडला. एक. दोन. तीन. आणि मग तो तिथेच राहिला.

यांनी खाली पाहिलं. माझा हात पाहिला, स्वतःचा पाय पाहिला. तो पाय कुणीतरी तिथे विसरून गेलंय, अशा चेहऱ्याने.

"काय झालं?" सासरे म्हणाले. डोळे मिटलेलेच.

मी हात काढून घेतला. यांनी पाय उचलून दाराबाहेर, माझ्या स्टुलाशेजारी जमिनीवर ठेवला आणि मग किल्ली फिरवली. गाडी जागी झाली. आणि जागीच राहिली. तो आवाज मी विसरणार नाही. आवाज तरी कसला? मूल गाढ झोपलं की खोलीत जे असतं, तेवढंच. एक मिनिट गेलं, तीन गेली, धूळ उतरत राहिली, आणि आम्ही तिघं हललो नाही.

"सापडलं का रे?" सासऱ्यांनी विचारलं.

"सापडलं, बाबा."

"काय होतं?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मग समोर बघितलं. "वायर," म्हणाले. "अर्थिंगची. पक्कड म्हणत होता तेच."

सासऱ्यांनी मान डोलावली. मला हायसं वाटायला हवं होतं. साठ वर्षं ज्या माणसाने या गाडीला जागं केलं, त्याला तुमचे नमस्कारच तिला मारत होते म्हणून कसं सांगायचं? तेही ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, तेही टॅक्सीच्या दारातून दोनदा परतलेल्या माणसाला? आठ वाजायला वीस मिनिटं होती. मी गप्प होते आणि खरं सांगायचं तर गप्प राहायला निमित्त आहे याचं बरं वाटत होतं.

पण ती वीस मिनिटं काही केल्या सरेनात. हे बॉनेटखाली उगाच एक वायर आवळत बसले, खोटं अंगावर आलं की माणूस असा हात चालवतो. माझ्या मनात एकच येत होतं: दिवसाचा पहिला शब्द मी इतकी वर्षं जपून उच्चारते, तो आज कुठला उच्चारणार? आठाचे ठोके घरातल्या घड्याळात पडले. मी सासऱ्यांच्या बाजूला गेले.

"बाबा, वायर नव्हती."

बॉनेटखालचे हात थांबले.

"नमस्कार होते तुमचे. हिला ते आता चालत नाहीत. हिला पाय नुसता लांब ठेवलेला हवा असतो."

"म्हणजे मी शिकवलेलं चुकलं?"

"नाही. जुन्या यंत्राला हवं होतं तेच तुम्ही शिकवलंत. हे नवं मागत नाही."

त्यांनी काठी चाचपली, उतरले आणि घरात गेले. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "झालं समाधान? आता गुरुवारी ने त्यांना उचलून."

त्या दिवशी सासरे जेवायला आले, पण कशाला नावं ठेवली नाहीत. यापेक्षा वाईट लक्षण आमच्या घरात नाही. दुपारी त्यांच्या खोलीतून आवाज आला. ठप, ठप, ठप. मी दारातून पाहिलं. खुर्चीत बसून, समोर नसलेल्या किल्लीकडे हात नेत होते आणि उजवा पाय फरशीवर आपटत होता. पुन्हा हात नेला. पुन्हा ठप, ठप, ठप.

"सूनबाई आहेस ना दारात?" न वळता म्हणाले. "ऐकत नाही गं. मी नको म्हणतोय आणि हा करतोच. त्या गाढवाचं तरी काय चुकलं मग?"

बुधवारभर तो आवाज येत राहिला. तीनाचे दोन झाले. संध्याकाळी एकदा एकच आला आणि मग बराच वेळ काही नाही.

गुरुवारी आठला मी पहिला शब्द बोलायच्या आत ते कपडे करून शेडमध्ये पोचले होते. यांच्या शेजारी बसले. मी मागे. जुन्या गाड्यांत किल्लीची जागा डॅशबोर्डच्या मधोमध असते. ती सासऱ्यांनी हाताने शोधली.

"तुझ्यावर माझा विश्वास नाही," यांना म्हणाले. "तो पाय माझ्या वळणावर गेलाय. दोन्ही वर घे."

"वर कुठे?"

"वर! मांडी घाल."

साठीला टेकलेला, पोट सुटलेला माझा नवरा स्टिअरिंगमागे मांडी घालून बसला. गुडघा हॉर्नवर आपटला. "हॉर्न नको, गाव गोळा होईल," म्हणत सासऱ्यांनी एक हात यांच्या गुडघ्यावर दाबून ठेवला, दुसऱ्याने किल्ली फिरवली. क्षणभर थांबले. पुढे फिरवली.

ती उठली.

रस्त्यावर सकाळचं कोवळं ऊन होतं आणि दुकानांच्या काचांतून आमची गाडी आमच्याबरोबर तरंगत चालली होती. मोठ्या चौकात लाल दिवा लागला. यांनी ब्रेक दाबला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. आम्ही तिघांनी श्वास धरला. मागे एक बस, शेजारी एक दूधवाला, समोर पायी जाणारी माणसं. आणि गाडी आपली उभी. नुसती उभी, जिवंत.

"लाल आहे ना?" सासरे म्हणाले. त्यांना तो दिवा डाळिंबाएवढा दिसत असणार, कडा विरघळलेला.

"हो, बाबा."

"असू दे. घाई नाही."

त्यांचा हात अजून यांच्या गुडघ्यावरच होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सिग्नल लवकर सुटू नये असं मला वाटलं. पण तो सुटला, मागच्या बसने हाक दिली, आणि आमच्यापैकी सासरेच आधी बोलले.

"चल रे, हिरवा झाला. डॉक्टर वाट बघत असेल."