तिसऱ्या गावातलं पिंप

बाबांना वास येत नाही, असा आईला संशय होता. शेगडीवर दूध करपून घरभर धूर झाला, तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते. विचारलं तर म्हणाले, सर्दी आहे. थंडीत आलेल्या तापापासूनची ही सर्दी काही हटायचं नाव घेत नव्हती. पण सगळी हयात वाइनचा कस सांगण्यात घालवलेल्या माणसाला सरळ विचारायचं कसं? आईने लेकीला गळ घातली: एक दिवस त्यांना गाडीतून त्यांच्या कामाच्या जुन्या गावांकडे फिरवून आण, आणि जरा बघ.

लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बघायचं कसं, हे तिला शिकवावं लागणार नव्हतं.

सकाळभर बाबांची कळी खुललेली. द्राक्षमळ्यांतून वळणं घेत रस्ता चढत होता आणि टेकडीटेकडीवर दगडी गावं दिसत होती. पहिल्या गावातली गल्ली इतकी अरुंद, की गाडीचे आरसे मिटून घ्यावे लागले. कमानीचे फोटो काढणाऱ्या एका जोडप्याला बाबांनी थांबवलं आणि बजावलं, वरचे दगड काय टिपता, या गावाचा जीव खाली तळघरात आहे. ते बिचारे खरंच जिना शोधायला गेले.

तळघरांतून बाबांचं स्वागत होई, पेले भरले जात. लेकीला गाडी चालवायची, म्हणून ती नुसता वास घेई. बाबा घोट तोंडात घोळवत आणि मग एकदोन वाक्यांत असं नेमकं बोलत, की मालकांच्या माना डोलत. आईचं आपलं काहीतरीच, असं लेकीला वाटू लागलं.

दुसऱ्या गावात तिच्या ध्यानात आलं. पेला नाकाशी नेताना बाबांची नजर पेल्यात नव्हती. काठावरून ती लेकीच्या चेहऱ्यावर होती. तिच्या कपाळाला जराशी आठी पडली, तसे ते म्हणाले, "द्राक्षं खुडायची घाई झाली."

योगायोग असेल. एका नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो.

तिसऱ्या गावातल्या तळघराची मालकीण एकटीने मळा सांभाळणारी बाई होती. तिने कोपऱ्यातल्या पिंपातून दोन पेले भरले आणि हात पुसत म्हणाली, "काका, हे ठेवू की ओतून देऊ? खरं सांगा."

लेकीने वास घेतला. ओल्या पुठ्ठ्याला यावी तशी बुरशीची घाण. आंबटगोड जिभेला कळतं, ही घाण फक्त नाकाला. याहून चांगली परीक्षा मिळाली नसती. तिने डोळे मिटले, आणि काहीतरी फार आवडल्यासारखी मंद हसली.

"ठेवा," बाबा म्हणाले. "वेगळं भरा हे. याला कशात मिसळू नका."

मालकीण क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "बरं काका. ठेवते."

तो आवाज ऐकून लेक मेल्याहून मेल्यासारखी झाली. पेला खाली ठेवताना तिला कुणाकडे बघवेना.

दोघं गाडीत बसून निघाले. घाटाच्या पहिल्या वळणावर बाबांनी विचारलं, "खराब होतं?"

"हो."

"मग हसलीस का?"

काहीतरी थाप मारता आली असती. तिने मारली नाही. "बघायचं होतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, की गाडी वळव. आपल्या शब्दावर ती बाई पिंप ठेवायची नाही हे त्यांना कळत होतं. पण शब्द दिला होता, तो परत घेणं भाग होतं.

मालकीण पिंपं धूत होती. बाबांनी टोपी काढली आणि सरळ सांगून टाकलं, की मला वास येत नाही, तापानंतर गेला, मघाशी मी अंदाजाने बोललो, ते पिंप ओतून द्या. लेकीचं नाव त्यांनी काढलं नाही.

बाईने ओल्या हातांनीच त्यांचा हात धरला आणि त्यांना बाकावर बसवलं. "एवढ्यासाठी परत आलात? अहो, मला कळलं होतं. आणि काय हो, इतके दिवस एकटेच हे गिळून बसलात?" मग लेकीकडे वळून म्हणाली, "तुम्ही यांना घेऊन हिंडता, किती बरं करता. काका, नशीबवान आहात. अशी जपणारी लेक सगळ्यांना नसते."

लेकीने तोंड उघडलं. मी मुद्दाम केलं, एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होते.

"नसते," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

तिने तोंड मिटलं. बाईने आणलेलं पाणी उभ्यानेच प्यायली.