मास रॉकवरचं रक्त

२००४ सालचा एक रविवार. उत्तर आयर्लंडमधल्या टायरोनच्या टेकडीवर दोनेकशे माणसं चिखलात गुडघे टेकून बसली होती. समोर मास रॉक. कॅथलिकांच्या प्रार्थनेवर बंदी होती त्या काळात त्यांचे फादर या खडकाशी लपूनछपून मास, म्हणजे सामूहिक प्रार्थना, म्हणत. डेव्हिन नावाच्या माणसाने खडकात कोरलेल्या क्रुसावर कॅनमधलं ‘पवित्र पाणी’ ओतलं. क्रूस लाल झाला. बायका रडू लागल्या.

“इथेच सैनिकांनी फादरचा गळा चिरला,” डेव्हिन म्हणाला. “त्यांचं रक्त तुमची दुखणी धुऊन नेईल. पण औषध घेणाऱ्याचा विश्वास अर्धा, त्याला गुणही अर्धाच.”

सुनीती मागे उभी राहून दात आवळून ऐकत होती. ती गावच्या शाळेत केमिस्ट्री शिकवायची. तिच्याकडे राहणारी अनुराधामावशी मागच्या रविवारी शेजारच्या कॅथलीनबरोबर इथे आली होती आणि घरी जाऊन तिने गुपचूप इन्शुलिन बंद केलं. गुरुवारी ती बेशुद्ध सापडली. काल हॉस्पिटलमध्ये डोळे उघडल्यावर म्हणाली, “अगं, मी स्वतः पाहिलं. कुंकवासारखं लाल होतं.”

कुंकू कशाचं करतात ते सुनीतीला ठाऊक होतं. आज ती तयारीनेच आली होती.

ती पुढे झाली आणि चिप्सच्या दुकानातून आणलेली व्हिनेगरची पुडी तिने क्रुसावर पिळली. रक्त पिवळं पडलं. मग तिने रुमालावर हळद चोळून त्यावर डेव्हिनचं पाणी ओतलं. रुमाल लाल झाला.

“खाचेत हळद आणि कॅनमध्ये धुण्याचा सोडा. याच्यापायी माझी मावशी मरता मरता वाचली.”

“परधर्माची बाई आमच्या हुतात्म्याची विटंबना करते आहे,” डेव्हिन ओरडला. गर्दीत कुजबुज झाली.

तेवढ्यात सत्तरीची कॅथलीन उठली. “कसला हुतात्मा? माझी आजी सांगायची, फादरना कुणी मारलंच नाही. आपल्या माणसांनी पहारा दिला आणि सैनिक दिसताच त्यांना गाडीत गवताखाली लपवून पळवलं. ते म्हातारे होऊन अंथरुणात गेले.” ती सुनीतीकडे वळली. “आणि मी अनुराधाला इथे आणलं.”

डेव्हिनने कॅन उचलला, पण गर्दीतल्या दोघांनी त्याची वाट अडवली.

“औषधं किती जणांनी सोडली?” सुनीतीने विचारलं.

एक हात वर झाला, मग दुसरा. अकरा झाले.

“या खडकाला मी नावं ठेवत नाही,” ती म्हणाली. “इथे लोकांनी डोळे उघडे ठेवून एक जीव वाचवला. तुम्हीही ते उघडे ठेवा. दगडात रक्त नसतं. तुमच्या अंगात आहे ते सांभाळा, आणि आत्ता डॉक्टरला फोन लावा.”