गेटच्या आत सोळा दिवस

डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलला बापासारखा. "गुप्ते, सिगारेट की पाय, एक काय ते ठरवा. दोन्ही राहणार नाहीत." माझ्या उजव्या पायाचा अंगठा महिनाभर काळानिळा पडला होता आणि नखाशेजारची जखम भरायचं नाव घेत नव्हती. मी म्हटलं, कमी करतो. "कमी नाही, एकही नाही. धुराने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. दीड महिन्याने दाखवायला या. ओढत राहिलात तर आधी अंगठा काढू, मग वर वर सरकत जाऊ." शेजारी माझी बायको कुंदा बसली होती. बाहेर आल्यावर तिने माझ्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. अर्धं भरलेलं होतं हो! अंगठ्यापेक्षा मला त्या पाकिटाचं जास्त वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

तीन दिवस रजा टाकून घरी बसलो, बदलापूरला बेलवलीत. ते दिवस दुश्मनावरही येऊ नयेत. सकाळी पोट साफ होईना, कारण सव्वीस वर्षांत सिगारेट न पेटवता मी संडासात गेलोच नव्हतो. खोकला कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तोंड आलं. रात्रभर छताकडे बघत पडायचं आणि दिवसा पेंगायचं. बोटांचं काय करावं ते तर कळतच नव्हतं. कुंदाने लवंग दिली, बडीशेप दिली, ओव्याचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी आमटीत मीठ कमी आहे म्हणून मी ताट असं ढकललं, की आमटी थेट भिंतीवर. मीठ व्यवस्थित होतं.

आमची इरा कॉलेजला निघाली होती. ती म्हणाली, "बाबा, ओढत होता तेव्हा तुम्ही बरे होता."

"त्यांच्याशी बोलू नकोस," कुंदा भिंत पुसत म्हणाली. "ते घरात नाहीयेत सध्या. नुसती तलप बसलीय खुर्चीत."

लाज वाटली, पण तीही रागानेच वाटली. चौथ्या दिवशी उठलो आणि कामावर गेलो.

आमची कंपनी अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला. आम्ही सॉल्व्हंट बनवतो, म्हणजे ठिणगी पडली तर भडकणारा माल. म्हणून गेटवर माचीस, लायटर, विडी, सिगारेट, मोबाईल, सगळं जमा करायचं. सिक्युरिटीचे रामभाऊ हात वर करायला लावतात आणि खिसे चाचपतात. शिपाई असो की मालक, हात वर. मी शिफ्ट इन्चार्ज, तरी सव्वीस वर्षं रोज हात वर केलेत. आत माचीस किंवा विडी सापडली तर त्याच दिवशी बाहेर, हा नियम; पर्मनंट असेल तर सस्पेंड, कंत्राटी असेल तर कायमचा. गेल्या वर्षी कान्हा नावाच्या कंत्राटी कामगाराकडे मला विडी सापडली. बारवीकडच्या पाड्यातला पोर, नवीन लग्न झालेला. पाया पडत होता. मी त्याला स्वतः गेटपर्यंत नेऊन सोडलं होतं.

तर चौथ्या दिवशी गेटमधून आत गेलो आणि देवाशप्पथ सांगतो, तलप गेली! दहा वाजले, बारा वाजले, जेवण झालं, काही नाही. मग लक्षात आलं, की आत ती कधीच नव्हती. आठ तास मी आरामात राहायचो आणि सुटल्यावर रामभाऊंनी पाकीट हातात ठेवलं, की दुसऱ्या मिनिटाला समोरच्या टपरीवर धूर. शरीराला त्या गेटची शिस्त लागली होती. घरी शुक्रवारच्या सुट्टीला मात्र मला वीस मिनिटंही दम निघायचा नाही.

मग माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. तलप गेटच्या बाहेर राहते ना? मग आपण बाहेर यायचंच नाही! दुसऱ्या शिफ्टचा इन्चार्ज गावी गेला होता. मी म्हटलं, त्याचीही शिफ्ट मी बघतो. शुक्रवारी कंपनी बंद, तर मेंटेनन्सवर लक्ष ठेवायला येतो. साहेब खूश. सुटल्यावर प्लांटमधल्या महेशच्या स्कूटरवर मागे बसायचं, टपऱ्या संपेपर्यंत डोळे मिटायचे आणि थेट बदलापूर. घरी जाऊन गोळी घेऊन झोपायचं.

"पाय वाचवायला सोळा-सोळा तास ड्यूटी? शाबास!" कुंदा म्हणाली. "सिगारेट सोडताय की घर?"

"उगाच पिरपिर करू नकोस. चाललंय ना नीट?" मी खेकसलो. चाललं होतंच. जखमेवर खपली धरली होती. प्लांटमध्ये मी पोरांना सांगत फिरायचो, "अरे, सोडायला काय लागतं? मनात आणलं पाहिजे." असे सोळा दिवस निघाले.

सतराव्या दिवशी दुपारी तलप आत आली.

कशी आली ते सांगता येत नाही. ड्रम यार्डात मी मालाची मोजणी बघत होतो. दुपारच्या जेवणाची वेळ, चिटपाखरू नव्हतं. एकाएकी घशाच्या मागे खाजवल्यासारखं झालं आणि तोंडाला पाणी सुटलं. मी म्हटलं, शक्य नाही, आपण आत आहोत. लवंग चघळली. थुंकलो. पाणी प्यायलो. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं ते. मला ठाऊक होतं की कामगार ड्रमखालच्या लाकडी पॅलेटच्या फटीत विड्या लपवतात. सव्वीस वर्षं मी त्याच फटी तपासल्यात. मी खाली वाकलो. तिसऱ्या पॅलेटमध्ये प्लास्टिकच्या पुडीत दोन विड्या आणि माचीस होती.

विडी तोंडात कधी गेली ते मला कळलं नाही. काडी हातात होती आणि पेटीवर टेकलेली होती. चारी बाजूंना भरलेले ड्रम.

यार्डाच्या टोकाला नवसी उभी होती. वांगणीकडून येणारी, झाडलोट करणारी बाई. तिने माझ्याकडे पाहिलं. झाडू टाकला आणि पळाली. पन्नाशीची बाई, साडी वर धरून, जीव घेऊन पळाली. माझ्यापासून.

मी काडी पेटीत घातली. तोंडातली विडी पुडीत टाकली. मग मी खूप वेळ तिथेच खाली बसलो होतो, आणि रडलो. कोणी बघितलं असेल तर बघितलं.

पुडी खिशात घालून गेटकडे निघालो. वाटेत कॅन्टीनच्या मागे नवसी दिसली. तिला अजून धाप लागली होती. "मी काय पाहलं नाय, साहेब," ती म्हणाली. "माज्या पोटावर पाय नको आनू."

"तुला काही होणार नाही," मी म्हटलं आणि पुढे गेलो.

रामभाऊंच्या टेबलावर माचीस ठेवली. "लिहा. ड्रम यार्डात सापडली."

"कोणाची?" रामभाऊंनी वही ओढली.

"माझी."

ते हसले. मग माझं तोंड बघून हसायचे थांबले. "गुप्तेसाहेब, असं करू नका. कोणी पाहिलंय का? मी देतो फेकून."

"कान्हाची फेकली होती का आपण? लिहा."

साहेबांनी अर्धा तास समजावलं, मग चिडले, मग पंधरा दिवसांसाठी मला सस्पेंड केलं. पास जमा झाला. दुपारी तीन वाजता गेट माझ्या मागे बंद झालं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंधरा दिवस आत जाता येणार नाही. महेश शिफ्टवर, त्याची स्कूटर नाही. समोर टपरी. टपरीवाल्याने मला ओळखलं, माझाच ब्रँड हातात धरून वर केला आणि ओरडला, "साहेब, खूप दिवसांनी! देऊ?"

मी नको म्हणून मान हलवली आणि पाठ करून नाल्याच्या कठड्यावर बसलो. सोळा दिवस मी काहीच सोडलं नव्हतं. गेटने सोडलं होतं, मी नुसता आत बसलो होतो. रामभाऊंनी परत दिलेला फोन काढला.

"कुंदा, मला न्यायला येशील?"

"का? पाय दुखतोय?"

"नाही. शेअर रिक्षा नाक्यावर मिळते. नाक्यापर्यंत तीन टपऱ्या आहेत. मला एकट्याला नाही जमणार गं."

मला वाटलं, आता ऐकवणार. सत्तावीस वर्षांत मी तिच्याकडे चहा सोडून काही मागितलं नव्हतं, तिने ऐकवलं असतं तरी चाललं असतं.

"कुठे बसलात?" तिने विचारलं.

"गेटसमोर. कठड्यावर."

"तिथून हलू नका. फोन चालू ठेवा, कट करू नका. मी चप्पल घालतेय."

पाऊण तास ती फोनवर बोलत होती. रिक्षावाला किती हळू चालवतोय, इराने गॅसवर दूध उतू जाऊ दिलं, शेजारच्यांनी पुन्हा आपल्या दारात चपला काढल्या. मी हूं हूं करत होतो. पाठीमागून धुराचा वास येत होता आणि मी घामाने भिजलो होतो. मग ती रस्त्याच्या वळणावर दिसली, कानाला फोन, घरातल्याच गाऊनवर ओढणी.

काय झालं ते तिने विचारलं नाही. मी उठलो. पहिली टपरी ओलांडली. दुसरीपाशी माझे पाय आपोआप आत वळायला लागले आणि मी भर रस्त्यात तिचा हात धरला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असा कधी धरला नव्हता.

"लोक बघतायत," मी म्हटलं.

"बघू देत," ती म्हणाली. "तुम्ही खाली बघा. खड्डे आहेत, अंगठा सांभाळा."